अकरा वाजता बरणी हॉलच्या खिडकीत

सकाळी साडेसातला आम्ही दोघं जमिनीवर पेपर पसरून रातांबे, कोकमाची ताजी फळं, फोडत बसलो होतो. ते आमचं जोडीने केलेलं शेवटचं काम. माझ्या धाकट्या भावाने, बापूने, गावावरून एसटीने पेटी पाठवली होती. इंदू फोडायची, आतला गर नि बिया वेगळ्या भांड्यात काढून मीठ लावायची, आणि लाल वाट्या माझ्याकडे सरकवायची. मी वाटीत साखर भरून बरणीत रचायचो. अमृत कोकमाची बरणी. दरवर्षी मे महिन्यात हेच.

"अहो, दाबून भरा. कुंडीत माती टाकताय काय?"

मी म्हटलं, गिरणीत बावीस वर्षं कापडाचे साचे चालवले मी, साखर भरायला तू शिकवणार?

"म्हणूनच गिरणी बंद पडली," ती म्हणाली.

नऊपर्यंत बरणी भरली. तिने तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. मग म्हणाली, जरा पडते, दम लागलाय. आत जाताना वळून म्हणाली, "अकरा वाजले की बरणी हॉलच्या खिडकीत न्या. विसराल."

मी म्हटलं, नेतो गं.

साडेदहाला तिला दरदरून घाम सुटला. रिक्षातून हॉस्पिटलात नेली. संध्याकाळी पाचला गेली. हार्ट, म्हणाले. गावच्या पोरीने मरताना काहीतरी देवाचं, नातवंडांचं बोलायचं. ही बरणीचं बोलून गेली.

आपल्या वाडीच्या मुंबई मंडळाचा अंक निघतोय, त्यात गाव सोडल्याच्या आठवणी लिहा, असं मंडळाची पोरं म्हणाली. माझं शिक्षण सातवी नापास. पण लिहितो, कारण गावात राहिलेले आणि माझ्यासारखे इथे येऊन म्हातारे झालेले, दोघांनाही सांगायचं आहे. बरं वाटेल असं काही नाही.

मी गाव सोडलं तेव्हा आईने ट्रंकेत कोकमाच्या आगळाची, खारवलेल्या रसाची, बाटली घातली होती. औषधाची जुनी बाटली, तोंडात चिंधी कोंबलेली. म्हणाली, "पाणी बदाललां की पोट बिघाडतां. चार थेंब घालून पी." बाटली वाटेत गळली. दोन शर्ट होते, दोन्ही गुलाबी. गिरणीत पहिल्या दिवशी तो शर्ट घालून गेलो तर जॉबर, आमच्या खात्याचा मुकादम, म्हणाला, काय रे, होळी खेळून आलास? ती आईची बाटली मी रागाने टाकून दिली. नंतर पंधरा दिवस जुलाबाने वाट लागली, तेव्हा त्या चार थेंबांची आठवण झाली.

मग लग्न झालं, इंदू आली, आणि गाव बाटल्या-बरण्यांतून आमच्या चाळीच्या खोलीत आलं. चैत्रात कैरीचं पन्हं. गावी कैरी चुलीच्या राखेत भाजायचे, इथे तिने स्टोव्हच्या जाळावर भाजली, शेजारणी धुराने ओरडल्या. मेमध्ये कोकम. पावसात गवती चहा, आलं, दोन मिरी. ती गवती चहाची पात घासलेटच्या डब्यात लावलेली होती. थंडीत आवळे किसून, मीठ नि आलं घालून बाटली भरायची. आवळे आरे कॉलनीतल्या पाड्यावरची एक बाई टोपलीतून आणायची, तिच्याशी इंदूची अर्धा तास घासाघीस आणि मग दोघींचा चहा. कॅलेंडर बघायची गरज नव्हती. ग्लासात काय आहे बघितलं की महिना कळायचा.

आणि मी काय करायचो? प्यायचो. ती विचारायची, कसं झालंय? मी म्हणायचो, ठीक. सेहेचाळीस वर्षं ठीक. त्याच्या वर एक शब्द तोंडातून गेला नाही. मीठ कमी असलं तर मात्र लगेच सांगायचो.

आता चाळ गेली, तिथेच बिल्डिंग उभी राहिली, सातव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. लिफ्ट आहे, इंटरकॉम आहे. ऊन नाही. समोर दोन टॉवर, त्यांच्या फटीतून येईल तेवढंच. चाळीत गॅलरीत दिवसभर बरणी ठेवली तरी चालायची, वर कावळे हाकलायला शेजारीण होती. इथे राहायला आल्यावर इंदूने आठ दिवस नुसतं ऊन बघितलं. मी हसायचो, म्हणायचो, फर्निचर लावायचं सोडून ही भिंतीकडे काय बघते? तिने हिशेब लावला होता. नऊ ते अकरा स्वयंपाकघर. अकरा ते दीड हॉल. अमृत कोकमाला दहा दिवस ऊन लागतं, नाहीतर साखर विरघळत नाही, बुरशी धरते. म्हणून ती बरणी उचलून उन्हाच्या मागे फिरायची.

ती गेली तेव्हा रात्रीची गाडी पकडून गावावरून माझी थोरली बहीण आली, आक्का. आल्याआल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "सुतकात लोणच्याक नि बरणीक कोणी हात लावचो नाय. तेरा दिवस." आपल्याकडे हे आहेच. सुतकातला हात लागला की साठवणीचं नासतं म्हणतात. माझी सून प्राची म्हणाली, आत्या, मग हे कोकम? आक्का म्हणाली, ऱ्हवंदे थय. नासतलाच आता. तेराव्यानंतर टाकून दे.

लोक भेटायला यायचे. मी हॉलच्या खिडकीला पाठ करून खुर्चीवर बसलेला असायचो, रोज. पुढे चहाचे कप फिरायचे. लोक एकमेकांत हळू बोलायचे, मला सगळं ऐकू यायचं. सुन्न झालाय. खिडकीजवळून हलत नाही बघ. वाट बघतोय तिची. एकाने तर माझ्या मुलाला, महेशला, डॉक्टर सुचवला. मी खुर्ची तेवढी आणखी मागे, खिडकीकडे सरकवली.

चौदाव्या दिवशी आक्काने बरणी टाकायला घेतली. मी म्हटलं, फडकं तरी सोड, बघ. तिने सोडलं. वास घेतला. परत घेतला. बरणी हलवली. तळाशी साखरेची करकर नाही, गप्प, तेलासारखा लाल रस. इंदू तशीच बघायची, बरणी कानाला लावून. करकर थांबली की झालं.

"ही इंदूची पुण्याई," आक्का म्हणाली आणि रडायला लागली. "तेरा दिस कोणी हात लावूक नाय, तरी बघा."

मग काय, घरात वीस माणसं. प्राचीने गाळलं, मीठ घातलं, जिरं घातलं, ग्लास भरले. सगळे म्हणाले, काय चव आहे, पुण्याई आहे. दोन दोन ग्लास प्यायले. जे टाकायला निघाले होते तेच. अर्धी बरणी दुपारपर्यंत खलास. माझ्या वाट्याला एक ग्लास आला. प्राचीने विचारलं, बाबा, कसं झालंय? मी ग्लास खाली ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ह्या वर्षी मी पन्हं करून बघितलं. कैऱ्या गॅसवर ठेवल्या, एक फुटून भिंतीवर गेली. गूळ किती, वेलची किती, कोणाला माहीत? तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, अंदाजाने. अंदाज काय बाजारात मिळतो? प्राची म्हणाली, बाबा, तयार बाटली मिळते, आणते. आणली. रंग असा की कपड्याला लागला तर जाणार नाही, चव साखरेच्या पाण्याची. सून चांगली आहे, दोष तिचा नाही. पण फ्रीज उघडला की ती बाटली दिसते आणि माझं डोकं फिरतं.

बापू फोनवर म्हणतो, दादा, गावाक ये, घर मोकळा आसा. येऊन काय करू? तिथलं घर आईचं होतं. आईच्या चुलीजवळ मी एकदाही बसलो नाही, आणि इथे हिच्या ओट्याजवळही नाही. घर कुठचं असं आता कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही आणि बिल्डिंगचंही नाही. नऊ ते अकरा स्वयंपाकघराची खिडकी, अकरा ते दीड हॉलची. एवढंच घर मला नीट माहीत आहे, तेही तिने शोधून दिलेलं.

आणि पुण्याईचं ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आता लिहून टाकतो. आक्काला वाचून दाखवा.

ती गेली त्या दिवशी घरी परतलो तेव्हा बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीतच होती, सावलीत. अकरा वाजता हलवायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आंघोळीला गेली, तेव्हा मी उठलो. लाकडी पळी गॅसच्या आचेवर धरून कोरडी केली, ती करायची तशी. फडकं सोडलं, तळाची साखर हळूच वर घेतली, फडकं परत बांधलं. सुतकातल्याच हाताने, आणि पुढे तेराव्यापर्यंत रोज. मग घड्याळाकडे बघत बसलो. अकरा वाजले तशी बरणी उचलली, हॉलच्या खिडकीत काचेला टेकवून ठेवली, तिच्यावर पडदा ओढला आणि पुढे खुर्ची टाकून बसलो.