सोमवारचं पाणी

ज्या ओढ्यावर पाणी मोजायचं केंद्रच नाही, त्यात ऐन उन्हाळ्यात किती पाणी वाहील हे सांगणं हा माझा धंदा. शेजारच्या, केंद्र असलेल्या ओढ्याचे आकडे घ्यायचे, दोन्ही पाणलोटांचं क्षेत्रफळ आणि माती-खडक ताडून पाहायचे, आणि त्या प्रमाणात आकडा काढायचा. माणसावरून त्याच्या चुलतभावाचा स्वभाव सांगावा, तसंच हे. बऱ्याचदा जमतं.

धारवाडच्या पश्चिमेच्या एका गावाला नळयोजना हवी होती. मे महिन्यात ओढा पुरेसा वाहत असेल तरच मंजुरी. माझ्या हिशेबानं आकडा चांगला आला. तरी नुसत्या कागदावर विसंबणारा मी नव्हे, असा माझा तोरा. ओढ्यावर जाऊन पात्राची रुंदी-खोली मोजायची, लिंबू सोडायचं आणि दहा मीटर जायला त्याला किती सेकंद लागतात ते पाहायचं. ऑफिसची जीप आठवडाभर तारिहाळच्या कारखान्यांच्या कामाला जुंपलेली, मला मिळायची ती फक्त सोमवारी. मार्चपासून दर सोमवारी गेलो. प्रत्येक वेळी लिंबानं माझ्या हिशेबाला दुजोरा दिला. मी इतका खूश, की ‘बारमाही’ असा शेरा मारून अहवाल मोठ्या साहेबांकडे देऊनही टाकला.

मेमध्ये शेवटचं मोजायला गेलो, तेव्हा दर सोमवारी तिथे दिसणारी बाई कौद्या, म्हणजे गोधड्या, धूत होती. मी सहज विचारलं, ‘‘अक्का, दर सोमवारी तुमचंच धुणं कसं?’’

ती हसली. ‘‘मग काय मंगळवारी धुळीत धुऊ? सोमवार बसवण्णाचा. आज बैल जुंपत नाहीत, वरच्या मळ्यात कुणी फिरकत नाही, पंपही बंद. म्हणून आज इथवर पाणी पोचतं.’’

सोमवारी बैलांना विश्रांती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म धारवाडात गेला. पण आकडे जुळले आणि मी डोकं चालवायचं सोडून दिलं. गुरुवारी स्कूटर काढून पुन्हा गेलो. लिंबू खिशातच राहिलं. नुसते गोटे आणि एक डबकं. ओढ्याचं म्हणून जे पाणी होतं ते मी बरोबर काढलं होतं. सहा दिवस ते वरचे पंप पीत होते, एवढंच मी धरलं नव्हतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच. फार लाज वाटली.

अहवाल परत मागून घेतला. साहेब ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘बरं झालं, खोदायच्या आधी कळलं.’’ योजना रद्द झाली. दूरच्या धरणावरून पाइप येईल तेव्हा येईल.

दहा मीटर आखायला रोवलेल्या खुंट्या काढायला गेलो, तर ती बाई डबक्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरत होती. मला पाहून तिनं विचारलं, ‘‘नळा यावाग बर्तावरी, अण्णा?’’ नळ कधी येणार?

तिनं खरं सांगितलं, म्हणूनच तिचा नळ गेला होता. हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

‘‘वेळ लागेल, अक्का,’’ मी म्हणालो.

‘‘लागू दे. तुम्ही नीट मोजलंय ना,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा वाटी बुडवली.