कप्तानाच्या पत्रातली शेवटची ओळ

सुकेळ्यांचा उन्हात तापलेला गोड वास आला की मला शेजारच्या मावशींच्या अंगणात वाचलेलं एक पत्र आठवतं. तेव्हा मी मुंबईत स्पॅनिश शिकत होते, दुसऱ्या वर्षाला होते. वसईतल्या आमच्या गावात ती भाषा येणारी मी एकटीच, म्हणून सुकत घातलेली केळी तशीच सोडून मावशींनी मला हाक मारली. त्यांचा मुलगा एका स्पॅनिश बोटीवर खलाशी होता. तापाने आजारी पडल्यामुळे त्याला वाटेतल्या एका बंदरावरच्या इस्पितळात ठेवलंय, असं कप्तानाने लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘एस्पेरामोस सु वुएल्ता.’ “म्हणजे काय गं?” मावशींनी विचारलं. “ते त्याच्या परतण्याची वाट बघतायत,” मी म्हटलं. “म्हणजे बरा होतोय,” असं म्हणून त्या शांतपणे केळी उलटायला लागल्या. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. सोमवारी मी ती ओळ स्पॅनिशच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, “या क्रियापदाचा अर्थ वाट पाहणं होतो आणि नुसती आशा करणंही. इथे कोणता, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.” त्यानंतर दोन महिने मी मावशींचं घर टाळून लांबच्या वाटेने स्टेशनला जात होते. मग एका दुपारी मुलगा आला, अगदी वाळलेला. मावशी त्याला आमच्या दारात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हिनेच सांगितलं होतं तू येणार म्हणून.” पुढे मी अनुवादाचंच काम केलं, आणि एका ओळीचे दोन अर्थ निघाले तर दोन्ही सांगत आले. मावशींना मात्र दुसरा अर्थ मी कधीच सांगितला नाही.