वालाची पंगत

किन्हवलीजवळ घर बांधून राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात मी परसात वाल पेरले. आयुष्यभर कचेरीत फायली लावल्या, त्यामुळे पेरणीही तशीच केली. सुतळी ताणून सरळ ओळी, वीतभर अंतरावर एकेक दाणा आणि प्रत्येक दाण्याशी खुणेची काडी. शेजारच्या आजींनी मात्र भात निघालेल्या शेतात मूठ-मूठ वाल फेकले, वरून माती सारली आणि घरी गेल्या. मी मनातल्या मनात त्यांना नापास केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर चार रानकोंबड्या माझ्या ओळींतून चालत होत्या. एक काडी, एक दाणा. पुढची काडी, पुढचा दाणा. एकीनेही ओळ मोडली नाही. मी शिव्या देत धावलो, तोवर शेवटची ओळ उरकली होती.

कुंपणापलीकडून आजी म्हणाल्या, "तुमी पंगतच मांडलीत, मंग पाखरं काय उपाशी नाय जायाची."

पुढे त्यांनीच मला पिशवीभर शेंगा आणून दिल्या. मी सोलायला बसलो. थोड्या वेळाने ताटात पाहिलं, तर सगळे दाणे मी दहा-दहाच्या ओळींत लावले होते.