आप्पा आणि पुढचं मॉडेल

शिरूरच्या बाजारपेठेत लॅपटॉपचं पुढचं मॉडेल कधी येणार, ते किती पातळ असणार, हे सगळ्यात आधी आप्पांना कळायचं. पुण्यातल्या दुकानदारांना ज्याचा पत्ता नसायचा ते आप्पा सकाळी नऊ वाजता शटर वर करता करता सांगून मोकळे व्हायचे. आणि या गृहस्थाने उभ्या जन्मात एकही नवा लॅपटॉप घेतलेला नव्हता. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला काय एकेक हौस! पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटलं. पण ती हौस नव्हती. आप्पा घाबरलेले असायचे.

त्यांचं डीटीपीचं दुकान होतं, म्हणजे मुख्यतः लग्नपत्रिकांचं. त्यांचा अर्धा गाळा मी घेतला आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम सुरू केलं. मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्यावरून रोज सकाळी आप्पांची मान वर यायची, "पोरी, आलं का काय?" काय म्हणजे बातमी. त्यांच्या मशिनला त्यांनी कधी इंटरनेट लावू दिलं नाही. अपडेट आपोआप आत शिरेल ही धास्ती. म्हणून अफवा बघायच्या त्या माझ्या स्क्रीनवर. कुठल्या तरी कारखान्यातून फुटलेला पुढच्या मॉडेलचा धूसर फोटो मी दाखवला की ते चष्मा कपाळावर सरकवायचे. "रंगाचं ऱ्हाऊ दे. कडंला भोकं किती हायेत ते मोज." यूएसबीचं जुनं, रुंद भोक दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "हाय. यंदा बी हाय." मग माझ्यासाठी चहा यायचा.

त्या भोकाचं कारण त्यांच्या जुन्या, सेकंडहँड लॅपटॉपला सुतळीने बांधलेलं होतं. अंगठ्याएवढं हिरवं डोंगल, त्या रुंद भोकातच बसणारं. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्या डोंगलशिवाय उघडत नसे, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या चारशेच्या वर घरांच्या पत्रिका होत्या. पत्रिका म्हणजे काय, ज्याने घरात लग्न केलंय त्याला सांगायला नको. कुठल्या चुलत्याचं नाव आधी, कुठल्या मामाचं नंतर, यावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. एकदाचा जो क्रम ठरला तो आप्पांच्या मशिनमध्ये. पुढचं लग्न निघालं की माणसं यायची आणि म्हणायची, "आप्पा, मागचीच यादी काढा, घरात इचारायला नगं." गेलेल्या माणसांची नावं 'कै.' लावून वेगळ्या रांगेत घ्यायची असतात. कुणी गेल्याचं कानावर आलं की आप्पा त्याच दिवशी त्या घराची फाइल उघडून नाव हलवून ठेवत. लग्न असो वा नसो.

यात एकदा ते चांगलेच तोंडघशी पडले. भांडगावचे एक आजोबा वारल्याचं कुणीतरी एसटीत बोललं आणि आप्पांनी नाव हलवलं. वर्षभराने त्या घरात लग्न निघालं, नेहमीप्रमाणे 'मागचीच यादी' निघाली, प्रूफ कुणी नीट वाचलं नाही आणि पत्रिका वाटूनही झाल्या. चौथ्या दिवशी काठी टेकत स्वतः कैलासवासी दुकानात हजर! "आप्पा, मला बोलवा तरी लग्नाला," म्हणाले. मी पार्टिशनमागे तोंडात ओढणी कोंबून हसत होते. आप्पांनी मात्र त्यांना खुर्ची दिली आणि लगेच फाइल उघडली. त्यांनी नव्या पत्रिका छापून दिल्या आणि त्या दिवसापासून माणसांबद्दलच्या ऐकीव बातम्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. लॅपटॉपबद्दलच्या मात्र सगळ्या खऱ्या मानायचे.

"मग घेऊन टाका ना एक नवा, भोक आहे तोवर," असं मी दर दिवाळीला म्हणायची. त्यावर आप्पांचं एक गणित होतं. "आत्ता घेतला तर तो आत्तापास्नं म्हातारा व्हनार. ज्या मॉडेलनंतर भोक बंद व्हनार, ते शेवटचं मॉडेल घ्यायचं. म्हंजी माझ्या हयातीला पुरंल." आता शेवटचं कुठलं ते आधी कसं कळणार? म्हणून त्या अफवा. मी हसायची, पण त्यांच्या जुन्या मशिनची अवस्था बघून मलाही काळजी वाटायची. बिजागरी तुटलेली, बॅटरी मेलेली, पंखा घरघरणारा. गुरुवारी लाइट जायची तेव्हा आप्पा कामं बाजूला ठेवून नुसते इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की पुढच्या खेपेला सगळ्याच कंपन्या रुंद भोक काढणार. अफवाच ती, तारीखसुद्धा नीट नव्हती. पण आप्पांचा चेहरा उतरला. "आलं. हेच शेवटचं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला निघालो. तिथे त्यांच्या विश्वासातला एक रिपेअरवाला होता. एसटीत आप्पांनी लॅपटॉप मांडीवर धरला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचे डोळे मिटत होते.

रिपेअरवाल्याने दुकानातला कोरा लॅपटॉप काढला. रुंद भोक होतं. डोंगल लावलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या मॉडेलला लावलं, तिसऱ्याला लावलं. मग तो संकोचत म्हणाला, "आप्पा, भोकाचं काय न्हाई वो. आतली सिस्टीम ह्या डोंगलला वळखतच न्हाई. लई वर्सं झाली हे बंद हून."

"म्हंजी पाच वर्सांमागं घेतला असता, तरी?"

"तरी बी न्हाई."

मग त्याने जुनं मशिन उघडून बघितलं, आतली धूळ फुंकली आणि झाकण परत लावलं. शेवटी म्हणाला, "हे चालू हाय तवर काय काढायचं ते काढून घ्या." परतीच्या एसटीत आप्पा डोंगलची सुतळी बोटाला गुंडाळत बसले होते. इतकी वर्षं हा माणूस चुकीच्या गोष्टीला भीत आला होता, आणि मी त्याला भोकं मोजून दिली होती. मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही छपाई सुरू केली. मी पीडीएफ करते म्हणाले, तर आप्पा म्हणाले, "नगं. ते उघडायला परत मशिनच लागतंय. कागद दे." गावागावाने गठ्ठे केले. पंखा घरघरायचा, मधेच थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही दोघं हलायचोसुद्धा नाही. छापलेलं गाव आप्पा पिशवीत घालून स्वतः पोचवून यायचे. "आता तुमची यादी तुमच्यापाशी," एवढंच सांगायचे. त्यांचं स्वतःचं गाव मांडवगण फराटा; ते त्यांनी शेवटी ठेवलं, आणि त्यातही स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. "आपलं काय, कवा बी निघंल," म्हणायचे.

मशिन गेलं ते दुपारी, सव्वादोनच्या सुमाराला. एकच घर राहिलं होतं.

आप्पा म्हणाले, "काय बिघडत न्हाई. घरचीच तर नावं हायेत." कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले. वडील, चुलते, मग पाच चुलत आजे. चार लिहून झाले. पाचवा आठवेना. दोन तालुक्यांतल्या घरांचे सोयरे ज्यांना विचारावेत, ते आप्पा पेन धरून घामाने भिजले होते. "एकदा टाइप केलं की मी डोस्क्यातनं काढून टाकायचो गं," ते म्हणाले. असा घाबरलेला आवाज मी कुणाचाच ऐकला नव्हता.

त्यांची थोरली बहीण वरवंडला दिलेली होती. तिच्याकडे गेलो तेव्हा आक्का पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. आप्पांनी विचारलं आणि त्यांनी मेथीवरची नजर न काढता पाचही नावं एका दमात सांगितली. आणि थांबल्या नाहीत. कुणाची बायको कुठल्या गावची, कोण रुसून गेला तो परत आला नाही, कुणाची तान्ही पोर तापात गेली, तिचं बारशाचं नाव काय होतं, सगळं. असलं कुठल्याच पत्रिकेत नसतं. आप्पा लिहीत होते. कागद भरला तशी त्यांनी माझ्या पर्समधली बिलं मागून घेतली. मधेच त्यांनी मान वर केली. "आक्के, तुझं वय काय गं आता?"

"मला काय ठावं? तूच लिवून ठिवलं आसशील," आक्का म्हणाल्या.

पंधरा दिवसांत आप्पांनी गाळ्याची किल्ली माझ्याकडे दिली आणि वरवंडला राहायला गेले. रोज सकाळी आक्का बोलतात आणि ते लिहितात, असं कळायचं. मला इकडे करमत नव्हतं. गेल्या आठवड्यात नवं मॉडेल खरंच आलं. रुंद भोक काही काढलेलं नाही. आप्पांना सांगावं, जरा हसतील, म्हणून फोन लावला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आक्काला कालपास्नं ताप हाय. कुनाला वळखंना. जरा बोलाया लागली की मी फोन करतो."

त्याला आठवडा होत आला. त्यांचा फोन आलेला नाही. मी उलटून लावलेला नाही. मला भीती वाटते.