अर्ध्या मैदानावरची निवड

आमच्या कर्मचारी हॉकी संघाची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते: बसची तिकिटं, जर्सी, गोलकीपरचे पॅड, डॉक्टरांचे दाखले. गेल्या हिवाळ्यात राज्य स्पर्धेला जाण्याआधी सगळं उरकलं होतं, फक्त शेवटच्या फॉरवर्डचं नाव ठरायचं होतं.

जागा एक, माणसं दोन. एक तरुण, हमखास गोल मारणारा. दुसरा गुडीहत्नूरच्या शाळेतला शिक्षक. दर वर्षी तो राखीव राहायचा, आणि गुडघ्यामुळे हे शेवटचंच वर्ष, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं.

आपल्याकडून चेंडू गेला की बाकीचे फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे राहतात. हा शिक्षक उलटा, आपल्या गोलकडे पळायचा. समोरच्याच्या अंगावर न जाता त्याला बाजूच्या रेषेकडे रेटत न्यायचा, तेवढ्यात आमचे बॅक जागेवर यायचे. समोरच्यानं घाईत दिलेला पास आमच्याच दुसऱ्या कुणाच्या तरी स्टिकवर पडायचा आणि टाळ्या त्या दुसऱ्याला मिळायच्या. आदिलाबादच्या मैदानावर किती संध्याकाळी मी हे पाहिलं, पण त्याची मोजदाद कशी करायची ते मला कधी जमलं नाही.

त्यात आमची निवडीची पद्धत. कापसाच्या दिवसांत बाजाराबाहेरची रांग वाढली की कापसाच्या गाड्या आमच्या अर्ध्या मैदानात येऊन थांबतात. कोणी कुरकुरत नाही. निम्म्या खेळाडूंच्या घरचा कापूस त्यांतच असतो. म्हणून निवड अर्ध्या मैदानावर होते. फॉरवर्ड एका गोलवर चाल करतात, बॅक अडवतात. बॅकनं चेंडू जिंकला की शिट्टी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे त्याचं काम जिथं सुरू व्हायचं, तिथंच शिट्टी. सवयीनं तो मागे पळाला, तसा एक बॅक ओरडला, "सर, तिकडं कापूस हाय. त्याले काऊन अडवून राह्यले?" सगळे हसले. तोही हसला आणि परत आला.

मी कोचना म्हटलं, दोन दिवस थांबू, पूर्ण मैदानावर सामना घेऊ. पण नावं त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. कोच हट्टी माणूस नव्हे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमी म्हणता तो चांगला हाय. मंग सांगा, आज त्यानं काय केलं?"

त्या दिवशी त्यानं खरंच काही केलं नव्हतं. करायला जागाच नव्हती.

निर्णय मीच त्याला सांगितला. तो बुटाची नाडी सोडत होता. मी भांडलो हे त्याच्या कानावर गेलं होतं. "जाऊ द्या भाऊ, पोरगं गोल मारते," तो म्हणाला. मग मान वर न करता विचारलं, "पुऱ्या मैदानावर घेतलं असतं, तं?"

"तं तू असता."

तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागला.

स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. तो असता तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. पण चेंडू गेला की उजवीकडची पट्टी मोकळी पडायची आणि आमचा तरुण फॉरवर्ड पुढेच थांबून राहायचा. बाकावरून त्याला शिव्या देणाऱ्यांत मी नव्हतो. चेंडू गेला की थांबायचं, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.