तटस्थ सभासदाचं मानपत्र

मानपत्रं लिहिण्यात मला कधी काही मिळालं नाही. ती एक खाज होती आणि मी ती भागवून घेत होतो. कल्याणच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. अक्षर बरं होतं, आणि 'ऋषितुल्य', 'कर्मयोगी', 'अष्टपैलू' हे शब्द कुणालाही चिकटवण्याइतका मी निर्लज्ज होतो. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत जो कोणी निवृत्त झाला, निवडून आला किंवा नुसताच साठ वर्षांचा झाला, त्याला शाल, नारळ आणि माझं मानपत्र मिळालं. ज्यांनी कुंडीत तुळससुद्धा लावली नव्हती त्यांना मी वृक्षमित्र करून टाकलं. मानपत्र कोणी ऐकत नाही, हे मला पहिल्या दोन-तीन समारंभांतच कळलं होतं. वाचन सुरू झालं की पुढच्या रांगेत घड्याळं बघतात आणि मागच्या रांगेत चहाची चौकशी सुरू होते.

नव्वदीच्या मध्यावर एका रविवारी आमच्या डोंबिवलीच्या घरी कारखानदारांच्या मंडळाचे सेक्रेटरी आले. सफारी घातलेला, सतत घाम पुसणारा माणूस.

"सर, गोरा पाहुणा येतोय," ते म्हणाले. "युरोपच्या पार्लमेंटचा मेंबर आहे, पर्यावरणवाला. आपला सांडपाण्याचा प्लांट बघायला येतोय. बघून खूश होऊन गेला पायजे, नाहीतर तिकडचे गिऱ्हाईक लफडा करतात. तुम्ही एकदम कडक मानपत्र लिहा."

त्यांनी माझ्या हातात एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका ठेवली. पाहुण्याने स्वतःच छापून घेतलेली, स्वतःच्या कर्तृत्वाची. पहिल्या पानावर तो एका ओढ्याकाठी पँट दुमडून उभा होता, आणि हातात एक मासा होता, जो जिवंत असावा अशी समजूत करून घ्यायची.

ती पुस्तिका मी आधी हसत हसत वाचली. गडी समितीवर बसायला जन्मलेला. आधी मासेमारीच्या समितीवर, मग शेतीच्या, मग पिण्याच्या पाण्याच्या, मग पर्यावरणाच्या, आणि पर्यावरणाचा उपाध्यक्ष असतानाच व्यापाराच्या समितीवरही. आमच्याकडचे नगरसेवक निदान एका समितीवर बसून तिचा चोथा होईपर्यंत चावतात. हा प्रत्येक ताटातला एक घास घेऊन उठत होता. प्रत्येक समितीपुढे तिथे त्याने काय 'साधलं' ते लिहिलं होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याने अहवाल साधला होता.

मागच्या पानांवर त्याच्या मतदानाचा तक्ता होता. कोणता ठराव, मत बाजूने, विरोधात की तटस्थ. देवमासे वाचवा, बाजूने. जंगलं वाचवा, बाजूने. गाणाऱ्या पक्ष्यांची शिकार बंद करा, अर्थातच बाजूने. पर्यावरणवाल्या कुठल्याशा संस्थेने त्याला भरघोस गुण दिले होते आणि ते त्याने शाळकरी मुलासारखे चौकटीत छापले होते. मग काही रंगांविषयीचा ठराव आला. त्या रंगांत रंगवलेले कपडे आपल्या बाजारात विकू देऊ नयेत, विशेषतः लहान मुलांचे. बाजूने. खाली बारीक अक्षरांत कारण होतं: हे रंग ज्या भुकटीपासून बनतात ती हाताळणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो. आणि त्या भुकटीचं नाव.

ते नाव मला पाठ होतं.

आमच्या स्वयंपाकघरात तांदळाला फायबरचा एक ड्रम होता. डोंबिवलीत कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी त्या काळी असा एखादा ड्रम असायचाच. जाड पुठ्ठ्याचं अंग, वर पत्र्याचं झाकण, झाकणाला कडं. रिकामे झालेले ड्रम कारखाना दिवाळीच्या सुमारास वाटून टाकायचा आणि माणसं ते डोक्यावर घेऊन हौसेने घरी आणायची. आईने आमचा ड्रम ओल्या फडक्याने पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि गावाहून आलेले तांदूळ त्यात भरले. मी तेव्हा चौथीत होतो. खाली बसून अभ्यास करताना ड्रमवरचं लेबल बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचं. शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पण मी ते हातभर नाव अक्षर अक्षर लावून पाठ केलं. पाहुणे आले की बाबा मला ते म्हणायला लावायचे आणि मुलगा शिकणार म्हणून सगळ्यांकडे बघायचे.

बाबांना स्वतःला ते नाव येत नव्हतं. ते त्या भुकटीला नुसतं पावडर म्हणायचे. ड्रम फोडून फावड्याने पावडर टाकीत टाकायची, हे काम त्यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं केलं. तोंडाला रुमाल बांधायचे आणि तो रुमाल आई इतर कपड्यांपासून वेगळा धुवायची, कारण त्याचा डाग लागायचा. हा पाहुणा यायचा होता त्या वर्षी पावसाळ्यापासून त्यांना अधूनमधून लघवी लाल होत होती. आईच्या मते ती उष्णता होती. रोज सकाळी ती त्यांना धण्याचं पाणी द्यायची. चार दिवस बरं वाटलं की, उतरली उष्णता, असं दोघंही एकमेकांना सांगायची.

रंगांच्या ठरावाच्या खालची ओळ मी तीनदा वाचली. आपल्या कंपन्या हे रंग परदेशात बनवून घेत असतील, तर तिथल्या कामगारांना हा धोका लेखी कळवण्याची त्यांच्यावर सक्ती करावी काय? तटस्थ. कारण: मतदारसंघातील व्यापारी हितसंबंधांचा समतोल.

विरोध केला असता तर निदान हरामखोर तरी म्हणता आलं असतं. या माणसाने ते सुखही ठेवलं नव्हतं. त्याच्या मतदारांच्या पोरांनी लाल झबली घालू नयेत म्हणून याचा हात वर गेला, आणि माझ्या बाबांना एक चिठ्ठी पाठवायची वेळ आली तेव्हा तो हात मांडीवर राहिला. वर त्याचे गुणही कापले गेले नव्हते. तटस्थ राहिलं तर गुण जात नाहीत, असं त्या तक्त्याखालीच लिहिलं होतं.

मी पेटलो आणि बसल्या बैठकीला मानपत्र लिहून काढलं. त्यात हे वाक्य घातलं: 'स्वदेशीच्या बालकांना ज्या रंगाचा स्पर्शही होऊ नये म्हणून आपण हात उंचावलात, तोच रंग घडविणाऱ्या दूरदेशीच्या कामगारांना त्यातील मृत्यूची वार्ता कळवावी की नाही, या प्रश्नी आपण ऋषितुल्य तटस्थता राखलीत.' फार खूश झालो स्वतःवर. सेक्रेटरींनी मसुदा उभ्याउभ्याच वाचला.

"झकास," ते म्हणाले. "संस्कृत अजून थोडं वाढवता येईल का?"

मी वाढवलं.

समारंभ डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयात झाला. त्या दिवशी औद्योगिक वसाहतीतला नाला चक्क पाण्याच्या रंगाचा होता, कारण सगळ्या कारखान्यांना तेवढा एक दिवस सुट्टी दिली होती. प्लांटला नवा हिरवा रंग फासला होता. पाहुणा म्हणजे उंच, गुलाबी, सँडल घातलेला माणूस. हवा हुंगून, रासायनिक वास येत नाही, असं तो कौतुकाने म्हणाला, आणि आमचे मालक लोक लाजले. खुर्च्या भरायला सकाळच्या पाळीचे कामगार आणले होते, अंघोळ घालून आणि नवे शर्ट देऊन. तिसऱ्या रांगेत बाबा होते. पोरगा साहेबासमोर वाचणार म्हणून त्यांनी केसांना तेल लावलं होतं.

मी वाचलं. त्या वाक्यावर थांबलो, सावकाश, शब्द शब्द तोडून वाचलं, आणि सरळ पाहुण्याकडे बघितलं. पुढच्या रांगेने घड्याळ बघितलं. सेक्रेटरी पाहुण्याच्या कानात म्हणाले की सर म्हणतायत तुम्ही कामगारांचे मोठे मित्र आहात. पाहुण्याने छातीवर हात ठेवून मान लववली. टाळ्या पडल्या. नारळ कसा धरायचा ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो पुस्तिकेतल्या माशासारखा दोन्ही हातांत धरला आणि फोटो काढून घेतला.

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "काय आवाज लागला रे तुझा. अख्ख्या हॉलात घुमत होता." मग म्हणाले, "ते कामगारांचं काय वाचलंस? मृत्यूची वार्ता की काय. कुठले कामगार?"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते वाक्य एका माणसाने ऐकलं होतं.

मी म्हटलं, "दूरदेशीचे."

"मग सांगायला पाहिजे होतं ना त्यांना," बाबा म्हणाले. "एवढा शिकलेला माणूस. सांगायला काय जातं?"

आई ड्रमचं झाकण लावत होती. मी भात कालवत राहिलो. बाबांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती, बहिणीचं लग्न ठरत होतं, शिवाय उष्णताच असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. त्यांच्या तोंडावर ते बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि मानपत्रात लिहिलं म्हणजे सांगून झालं असं मी मनात धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मी स्टीलची कोठी आणली, मुंग्या होतात असं आईला सांगून तांदूळ तिच्यात भरायला लावले आणि ती बाजारात गेल्यावर ड्रमवरचं लेबल ब्लेडने खरवडून काढलं. रोज समोर दिसायला नको होतं मला ते. तांदूळ वाचवले. बाबा सकाळच्या पाळीला गेले होते.

चार महिन्यांनी लाल लघवी थांबेना, तेव्हा त्यांना ठाण्याला खोपटजवळच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. बहिणीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी फोटो बघितले, मग बाबांना विचारलं, "काम काय करता तुम्ही? कुठलं केमिकल हाताळता?"

"पावडर," बाबा म्हणाले. "आमच्या घरी ड्रम आहे ना तिचा. त्याच्यावर नाव होतं, पण हल्ली दिसत नाही, पुसलं गेलं वाटतं. थांबा, आमच्या मास्तरांना येतं. सांग रे."

मी सांगितलं. डॉक्टरांनी स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच उत्तर दिलं. पाहुण्यांसमोर द्यायचे तसंच, माझ्या पाठीवर हात ठेवून.

"चौथीत असल्यापासून," ते म्हणाले.