यारीमिस्त्री

यारीमिस्त्रींनी आयुष्यात कुणाला बरं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मालक त्यांच्या लेखी शेंदूर फासलेला धोंडा, कारकून म्हणजे उंदीर, आणि पुण्याहून इंजिनियरिंग शिकून नुकताच आलेला मी म्हणजे 'पुस्तक'. "ओ पुस्तक, जरा बाजूला व्हा. उजेड आडवताय," असं चारचौघांत म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ही महायुद्धाच्या आधीची गोष्ट. भोरजवळ उसाचे चरक ओतायचा एक कारखाना होता, तिथं मी देखरेखीला होतो. जड माल उचलायला यारी लागायची. यारी म्हणजे जमिनीवर उभा लोखंडी खांब, त्याला आडवा फिरता हात आणि हाताला साखळी-कप्पी. लोक तिला क्रेन म्हणायला लागले ते पुढं. ती बसवावी मिस्त्रींनीच. गाव विंझर, उमेदीची वर्षं गेली मुंबईच्या गोदीत. आठवड्याच्या भाकरी बांधून यायचे आणि आल्याबरोबर कुणाचं तरी काम मोडीत काढायचे.

एकदा मी त्यांना यारीचे प्रकार समजावायला गेलो. काय अवदसा आठवली! त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "खांब खड्ड्यात, भवतीनं काँक्रीट, ती आपल्या पायावर उबी. खाली जमिनीला टेकून वर आढ्याला धरलेली, ती घरजावई. सासऱ्याचं छप्पर मजबूत हाय तवर त्याची ऐट. आन् हाय त्या फरशीवर बोल्टांनी आवळलेली, ती पाव्हनी. हलकं काम सांगा, करंल. जड सांगितलं की चालली." माझ्या पुस्तकात यालाच तीस पानं खर्ची घातली होती.

खांब उभा राहिला की मिस्त्री यारीच्या हातावर, पार टोकाला, पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी वाटी ठेवायचे आणि हात एका बोटानं गोल फिरवायचे. थेंब सांडला तर सगळं पुन्हा उकलायचं. मग हात मध्येच सोडून द्यायचे. सोडला तिथंच तो राहिला पाहिजे. "हात आपल्या मनानं फिरला, की समजावं पाय वाकडा. मानसाचं बी त्येच हाय," म्हणायचे आणि हटकून माझ्याकडं बघायचे. मला हा माणूस मनापासून आवडायचा. तेव्हा तसं कबूल केलं असतं तर काय जीभ झडली असती?

मालकांना नवी यारी बड्या पाहुण्यांपुढं चालवून दाखवायची हौस आली. हातात दिवस आठ. मिस्त्री म्हणाले, "पुरुषभर खड्डा, आन् काँक्रीट मुरायला चार आठवडे." मी म्हटलं, "खड्डा नको. फरशीवरच बोल्ट मारा."

"फरशीवर खुर्च्या मांडत्यात, पुस्तक. खांब न्हाई."

"मी सांगतोय ना!"

त्यांनी मारले बोल्ट. वाटी मात्र पिशवीतून काढलीच नाही. "दोन मनाच्या वर वझं देऊ नगा. पाव्हनी हाय," एवढं बजावलं.

आता बड्या पाहुण्यांपुढं दोन मण काय उचलायचे? मी चरकाचा सगळ्यात मोठा रूळ लावायला सांगितला. रूळ वर गेला, टाळ्या पडल्या, आणि यारीचा हात आपला आपण सावकाश माझ्याकडं फिरू लागला. मी शुंभासारखा बघत उभा. तेवढ्यात खांबाखालची फरशी तडकली. मिस्त्रींना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते खांबापाशी येऊन बसले होते. "ओ पुस्तक!" असं ओरडत ते उठले आणि मला ढकललं. रूळ त्यांच्या डाव्या पायावर आला.

दोन महिन्यांनी ते काठी टेकत कामावर आले. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फरशीवर खांब बसवायची अक्कल कुणाची?"

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. 'माझी' एवढंच मला म्हणायचं होतं. नोकरी गेली असती, दुसरं काय! पण मी माझ्या बुटांकडं बघत उभा राहिलो. चांगले पॉलिश केलेले बूट होते.

"बसवला तर म्याच," मिस्त्री म्हणाले.

मालकांनी त्यांना तिथंच निरोप दिला. वर म्हणाले, म्हातारपणी नजर गेली. मिस्त्रींची! धोंडा तो धोंडाच.

मी फाटकापर्यंत मागं गेलो. त्यांची पिशवी धरायला हात पुढं केला, त्यांनी दिली नाही. आत वाटी वाजली. वाटलं, आता चार शिव्या हासडतील. हासडाव्यात, अशी फार इच्छा होती. मिस्त्रींनी काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि पहिल्यांदाच अदबीनं म्हणाले, "येतो, साहेब."

पुढं मी पुष्कळ याऱ्या बसवल्या. जड कामाच्या प्रत्येकीला खड्डा घेतला, प्रत्येकीवर वाटी ठेवली. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. उभ्या जन्मात हजारांनी मला साहेब म्हटलं, पण ती शिवी आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच. अजूनही कुणी साहेब म्हणून हाक मारली, की माझी नजर आधी बुटांकडं जाते.